गणिताच्या वर्गातील सर्जनशील साधने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्जनशील साधन कशाला म्हणावे?

गणिताचे साधन म्हटले की रंगीत ठोकळे, चित्रांचे तक्ते किंवा संगणकावरचे खेळ डोळ्यांसमोर येतात. हे सारे उपयोगी असू शकते; तरीही एखादे साधन सर्जनशील आहे की नाही, हे ठरवताना मी एकच गोष्ट पाहतो: ते हातात आल्यावर विद्यार्थ्याला स्वतः काही ठरवावे, पडताळावे आणि आपले म्हणणे दुसऱ्याला पटवून द्यावे लागते का? या कसोटीवर फळ्यावर लिहिलेली एक ओळसुद्धा उत्तम साधन ठरू शकते.

उदाहरणार्थ, १, २, ३ आणि ४ हे अंक प्रत्येकी एकदाच वापरून दोन अंकी दोन संख्या तयार करा आणि त्यांचा गुणाकार जास्तीत जास्त येईल असे पाहा. अशा एकूण १२ जोड्या होतात. बहुतेक मुले ४३ पासून सुरुवात करतात आणि ४३ × २१ = ९०३ हे पाहून निराश होतात; मग दशकाच्या जागी ४ आणि ३ हवेत हे त्यांच्या लक्षात येते, आणि खरी चुरस ४२ × ३१ आणि ४१ × ३२ यांच्यात उरते. पहिल्याचे उत्तर १३०२, तर दुसऱ्याचे १३१२. दोन्ही जोड्यांची बेरीज ७३ असूनही गुणाकार वेगळे का, हा प्रश्न येथून आपोआप उभा राहतो: बेरीज तीच असेल तर ज्या जोडीतील संख्या एकमेकींच्या अधिक जवळ आहेत, तिचा गुणाकार मोठा येतो. गुणाकाराची वीस गणिते छापलेल्या कृतिपत्रिकेत जेवढा सराव होतो, जवळपास तेवढा येथेही होतो; फरक असा की, येथे प्रत्येक गुणाकार विद्यार्थी काहीतरी शोधण्यासाठी करत असतो.

ठोकळे हाताळल्याने स्थानिक किंमत खरोखर कळते का?

आपोआप कळत नाही. एककाचा लहान घन, दहा घनांची कांडी, शंभर घनांची चौकोनी पाटी आणि हजारांचा मोठा ठोकळा हा संच आज जगभर वापरला जातो. गणितशिक्षणाचे अभ्यासक झोल्टन डीन्स यांच्या नावाने तो ओळखला जातो. स्थानिक किंमत आधीच समजलेल्या प्रौढाला त्या ठोकळ्यांत ती स्वच्छ दिसते. ज्या मुलाला ती अजून समजलेली नाही, त्याला मात्र लाकडाचे किंवा प्लॅस्टिकचे तुकडे दिसतात. दोघांच्या पाहण्यातील हे अंतर कमी करणे हे शिक्षकाचे काम आहे, आणि त्यासाठी ठोकळ्यांवर केलेली प्रत्येक कृती त्याच क्षणी वहीत उतरली पाहिजे.

३०२ मधून १४७ वजा करताना हे फार चांगले दिसते. मुलांसमोर तीन पाट्या आणि दोन सुटे घन आहेत; दशकाची कांडी एकही नाही. सात सुटे घन काढायचे तर एक पाटी मोडून दहा कांड्या घ्याव्या लागतात, आणि त्यांतील एक कांडी मोडून दहा सुटे. आता समोर २ पाट्या, ९ कांड्या आणि १२ सुटे आहेत. एकूण मात्र अजूनही ३०२ च आहे. नेमक्या या टप्प्यावर थांबून ‘आपल्याकडचे ठोकळे वाढले की कमी झाले?’ असे विचारावे. शून्यावरून हातचा घेताना मुले जी गफलत करतात, तिचे मूळ या प्रश्नाच्या उत्तरात सापडते. एखादे मूल कांडीवरचे दहा भाग बोटाने पुन्हा पुन्हा मोजत असेल, तर त्याला घाई करू नये. कांडी म्हणजे दहा, यावर त्याचा विश्वास बसण्याची ती प्रक्रिया आहे.

मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६० च्या दशकात कृती, चित्र आणि चिन्ह अशा तीन रूपांतून आकलन घडते, असे मांडले. या क्रमाचा अर्थ अनेकदा असा लावला जातो की, सोमवारी ठोकळे, मंगळवारी चित्रे, बुधवारी आकडेमोड. प्रत्यक्षात तिन्ही रूपे शेजारी शेजारी असली आणि मुलाला एकातून दुसऱ्यात, आणि अडले तर परतही, जाता आले, तरच त्यांचा उपयोग होतो.

क्युझनेअर पट्ट्या आणि दशमान ठोकळे यांत फरक काय? दोन्ही हवेत का?

बेल्जियममधील शिक्षक जॉर्ज क्युझनेअर यांनी या रंगीत पट्ट्या तयार केल्या, १९५२ मध्ये त्यांविषयीची पुस्तिका प्रसिद्ध केली आणि पुढे कॅलेब गॅटेग्नो यांनी त्यांचा अनेक देशांत प्रसार केला. पट्ट्या १ ते १० सेंटिमीटर लांबीच्या असतात आणि प्रत्येक लांबीचा रंग ठरलेला असतो: पांढरी १, लाल २, फिकट हिरवी ३, जांभळी ४, पिवळी ५, गडद हिरवी ६, काळी ७, तपकिरी ८, निळी ९ आणि नारिंगी १०.

त्यांचे सर्वांत मोठे बळ असे की, पट्टीवर कोणतीही खूण किंवा अंक नसतो. त्यामुळे ‘एक’ कशाला म्हणायचे, हे प्रत्येक वेळी ठरवता येते. नारिंगी पट्टी एक मानली तर लाल पट्टी एक पंचमांश होते. गडद हिरवी एक मानली तर तीच लाल पट्टी एक तृतीयांश होते. आणि पांढरी एक मानली तर ती दोन होते. अपूर्णांक हा नेहमी कशाचा तरी अपूर्णांक असतो, ही गोष्ट सांगून जेवढी पटत नाही, तेवढी या अदलाबदलीतून पटते.

दशमान ठोकळ्यांनाही ही युक्ती लागू करता येते, जरी फार थोडे वर्ग ती वापरतात. शंभरची पाटी ‘एक’ मानली की कांडी ०.१ आणि सुटा घन ०.०१ होतो. ०.३५ हे ०.४ पेक्षा मोठे, कारण ३५ हे ४ पेक्षा मोठे, असा ठाम समज असलेल्या मुलाला दोन्ही संख्या ठोकळ्यांनी मांडायला सांगाव्यात. तीन कांड्या व पाच सुटे एकीकडे आणि चार कांड्या दुसरीकडे पाहिल्यावर बहुधा शिक्षकाला काही बोलावे लागत नाही.

दोन्हींपैकी एकच घेणे शक्य असेल, तर लहान वर्गांसाठी मी क्युझनेअर पट्ट्या निवडेन. दशमान ठोकळ्यांचे काम चौकटीच्या कागदातून कापलेल्या चौकोनांनी आणि पट्ट्यांनी बऱ्यापैकी भागते.

अपूर्णांकांसाठी वर्तुळाचे तुकडे चांगले की कागदाच्या पट्ट्या?

वर्तुळाचे तुकडे पाहून पूर्ण आकृतीतून किती भाग गेला हे चटकन कळते, आणि सुरुवातीच्या परिचयासाठी ते पुरेसे आहेत. पण वर्तुळाचे पाच किंवा सात समान भाग हाताने करणे अवघड असते, दोन वेगवेगळ्या वर्तुळांतील जवळपासच्या तुकड्यांची तुलना डोळ्यांनी करता येत नाही, आणि मुख्य म्हणजे वर्तुळातून संख्यारेषेकडे जाण्याची वाट नाही. पट्टी संख्यारेषेवर ठेवली की तिचे टोक म्हणजे एक संख्याच असते. म्हणून पट्ट्यांवर अधिक काळ रेंगाळावे, असे माझे मत आहे.

अर्धा, पाव आणि अष्टमांश घड्यांनी सहज मिळतात. पंचमांशासाठी रेघी कागदाचा उपयोग करावा: पट्टी तिरकी अशी ठेवावी की तिचे एक टोक एका रेघेवर आणि दुसरे टोक त्यापुढच्या पाचव्या रेघेवर येईल, मधल्या चार रेघा जेथे पट्टीला छेदतात, तेथे खुणा केल्या की पाच समान भाग होतात. ही युक्ती खालच्या वर्गात नुसती वापरावी, आणि समांतर रेषांनी केलेल्या आंतरछेदांचा गुणधर्म वरच्या वर्गात शिकताना हीच पट्टी पुन्हा काढून ‘तेव्हा भाग समान का झाले होते?’ असे विचारावे.

१/२ + १/३ = २/५ ही चूक सर्व शिक्षकांच्या परिचयाची आहे. समच्छेद करण्याचा नियम पुन्हा सांगण्याआधी तिन्ही पट्ट्या शेजारी ठेवाव्यात. २/५ ची पट्टी १/२ च्या पट्टीपेक्षा आखूड आहे. म्हणजे अर्ध्यात काही मिळवल्यावर अर्ध्यापेक्षा कमी उरले! ही विसंगती मुलांना हसू आणते, आणि त्या हसण्यानंतर सहांशाच्या पट्टीची गरज त्यांना स्वतःलाच वाटते.

ऋण संख्या हातांनी कशा दाखवता येतील?

दोन रंगांच्या गोट्या, बटणे किंवा दोन्ही बाजूंनी वेगळा रंग असलेल्या चकत्या घ्याव्यात. एक रंग +१ आणि दुसरा −१. एक धन आणि एक ऋण चकती मिळून शून्य होते, हा एकमेव नियम. ३ − (−२) करताना समोर तीन धन चकत्या आहेत आणि दोन ऋण चकत्या काढायच्या आहेत, ज्या तेथे नाहीतच. मग शून्याच्या दोन जोड्या आणून ठेवाव्यात. किंमत बदलत नाही. आता दोन ऋण चकत्या काढल्या की पाच धन उरतात.

गुणाकारात मात्र हे साधन लवकरच अपुरे पडते. ऋण संख्येने ऋण संख्येला गुणणे चकत्यांनी दाखवण्यासाठी जी कसरत करावी लागते, ती मूळ नियमापेक्षा अवघड असते. तेथे आकृतिबंध वापरणे प्रामाणिकपणाचे आहे: ३ × (−२) = −६, २ × (−२) = −४, १ × (−२) = −२, ० × (−२) = ०. प्रत्येक पायरीला उत्तर दोनने वाढते आहे. हा क्रम मोडायचा नसेल, तर (−१) × (−२) किती असले पाहिजे?

जिओबोर्डचा उपयोग आकृत्या काढण्यापलीकडे होतो का?

होतो, आणि माझ्या मते शालेय भूमितीतील सर्वांत समृद्ध साधन हेच आहे. खुंट्यांच्या चौकोनी पाटीवर रबर बँड ताणून आकृत्या करण्याची ही कल्पना गॅटेग्नो यांची. पाटी नसेल तर ठिपक्यांचा कागद जवळपास तेवढेच काम करतो. फक्त रबर बँड सरकवून चूक दुरुस्त करण्यातील निर्भयपणा कागदावर मिळत नाही.

पाच ओळी आणि पाच स्तंभ अशा २५ खुंट्यांच्या पाटीवर एकच प्रश्न द्यावा: किती वेगवेगळ्या आकारांचे चौरस करता येतात? सुरुवातीला वर्ग एकमुखाने ‘चार’ म्हणतो: १, ४, ९ आणि १६ चौरस एकक क्षेत्रफळाचे. थोड्या वेळाने कोणीतरी तिरका चौरस करते आणि तो चौरसच आहे की नाही, यावर वाद होतो. हा वाद शिक्षकाने मिटवू नये. एका खुंटीवरून एक घर उजवीकडे व दोन घरे वर जाऊन पहिली बाजू केली, तर पुढची बाजू काटकोनात येण्यासाठी कोठे वळावे लागेल, हे मुलांना घरे मोजून ठरवू द्यावे. कोन मोजण्याची गरजही पडत नाही.

तिरक्या चौरसाचे क्षेत्रफळ काढण्यासाठी त्याभोवती सरळ चौरस आखावा. वरच्या उदाहरणात बाहेरचा चौरस ३ × ३ म्हणजे ९ चा होतो. कोपऱ्यांतील चार काटकोन त्रिकोण प्रत्येकी १ चे. म्हणून आतल्या चौरसाचे क्षेत्रफळ ५. पायथागोरसचे प्रमेय येथे नाव न घेता वर्गात शिरलेले असते. शेवटी १, २, ४, ५, ८, ९, १० आणि १६ अशी आठ क्षेत्रफळे हाती लागतात. मग ३, ६ आणि ७ का मिळत नाहीत? या संख्या दोन वर्गसंख्यांची बेरीज म्हणून लिहिता येत नाहीत, हे उत्तर नववी-दहावीच्या वयाची मुले शोधू शकतात. त्याहून लहान मुलांनी ‘नाहीच मिळत’ एवढे पद्धतशीरपणे दाखवले तरी ते मोठे काम आहे. सर्व चौरस, म्हणजे तेच आकार वेगवेगळ्या जागी धरून, मोजायला सांगितले तर ते ५० भरतात. ही मोजणी नीट यादी करण्याचे शिक्षण देते.

२ क्षेत्रफळाच्या चौरसाची बाजू किती, या प्रश्नाला विशेष जागा द्यावी. बाजू समोर आहे, ती बोटाने दाखवता येते, आणि तरीही ती १ नाही, २ नाही, दीडही नाही, कारण दीडचा वर्ग २.२५ होतो. √२ ही संख्या चिन्ह म्हणून भेटण्याआधी अशी वस्तू म्हणून भेटली, तर तिची भीती बरीच कमी होते.

याच पाटीवर पिक यांचे १८९९ चे सूत्रही मुलांकडून काढून घेता येते: आकृतीच्या आतील ठिपक्यांत सीमेवरील ठिपक्यांची निम्मी संख्या मिळवून त्यातून १ वजा केला की क्षेत्रफळ मिळते. वरच्या तिरक्या चौरसात आत ४ आणि सीमेवर ४ ठिपके आहेत; ४ + २ − १ = ५. सूत्र आधी सांगू नये. आत एकही ठिपका नसलेल्या आकृत्यांपासून सुरुवात करून तक्ता भरत नेला, तर एका तासात ते बाहेर येते.

कागद कापून किंवा घडी घालून दाखवणे म्हणजे सिद्धता का?

नाही, आणि हे मुलांना स्पष्ट सांगितले पाहिजे. त्रिकोणाचे तीन कोपरे फाडून एकमेकांना जोडले की सरळ रेषा झाल्यासारखी दिसते. हा अनुभव अतिशय मोलाचा आहे, कारण त्यातून अंदाज जन्माला येतो. पण कागदावरची रेषा १७९ अंशांची आहे की १८० ची, हे डोळ्यांना कळत नाही. शिरोबिंदूतून समोरच्या बाजूला समांतर रेषा काढून व्युत्क्रम कोनांनी केलेला युक्तिवादच सर्व त्रिकोणांविषयी बोलतो.

हा फरक ठसवण्यासाठी एक जुने कोडे फार उपयोगी पडते. ८ × ८ चा चौरस घ्या. त्याचे ३ × ८ आणि ५ × ८ असे दोन आयत करा. पहिला आयत कर्णावर कापून दोन त्रिकोण करा. दुसरा आयत असा तिरका कापा की समांतर बाजू ३ आणि ५ असलेले दोन समलंब चौकोन मिळतील. हे चार तुकडे पुन्हा जुळवले की ५ × १३ चा आयत तयार होतो. ६४ चौरसांचे ६५ झाले! वर्गात गोंधळ माजू द्यावा. आयताचा कर्ण म्हणून जी रेषा दिसते, ती सरळ नसतेच: त्रिकोणाच्या बाजूचा चढ ३/८ म्हणजे ०.३७५, तर समलंब चौकोनाच्या बाजूचा २/५ म्हणजे ०.४. दोघांच्या मधल्या बारीक फटीत तो जास्तीचा एक चौरस लपलेला असतो. ‘दिसते म्हणून खरे’ या युक्तिवादाची मर्यादा यापेक्षा परिणामकारक रीतीने दाखवणारे काही मला माहीत नाही.

बीजगणितासाठी हाताळता येण्याजोगे साधन आहे का?

बीजगणिताच्या फरशा कार्डबोर्डमधून सहज कापता येतात: x बाजूचा मोठा चौरस म्हणजे x², x लांबीची आणि १ रुंदीची पट्टी म्हणजे x, आणि लहान चौरस म्हणजे १. x² + ५x + ६ साठी एक मोठा चौरस, पाच पट्ट्या आणि सहा लहान चौरस घेऊन त्यांचा एकच आयत करायचा. आयत जमला की त्याच्या बाजू x + २ आणि x + ३ म्हणजेच अवयव. त्याच बैठकीत x² + ५x + ५ द्यावे. आयत काही केल्या जमत नाही, आणि पूर्णांक सहगुणकांचे अवयव पडत नाहीत म्हणजे काय, याचा अनुभव हाताला येतो.

कापताना एक काळजी घ्यावी. x ची लांबी एककाच्या नेमक्या पटीत ठेवू नये. ती पाच एकक ठेवली, तर चौकस मुले पट्टीशेजारी पाच लहान चौरस मांडतात आणि x = ५ असे जाहीर करतात; त्यांचे निरीक्षण बरोबर असते, दोष साधनाचा असतो. ऋण पदे आली की फरशा अवघड होत जातात, तेव्हा त्या फार ताणू नयेत.

खेळांमुळे शिकणे होते की केवळ वेळ जातो?

खेळ संपल्यावर काय होते, यावर ते अवलंबून आहे. दोन फाशांचा एक साधा खेळ घ्या: प्रत्येक खेळाडू १ ते १२ आकड्यांच्या घरांत आपल्या बारा सोंगट्या हव्या तशा मांडतो, फाशांची बेरीज येईल त्या घरातील एक सोंगटी निघते, ज्याच्या सर्व सोंगट्या आधी निघतील तो जिंकला. पहिल्या डावात बरीच मुले प्रत्येक घरात एक सोंगटी ठेवतात आणि १ च्या घरातील सोंगटी कधीच निघणार नाही हे त्यांना उशिरा कळते. दुसऱ्या डावाआधी पाच मिनिटे मांडणी का बदलली, हे लिहून घ्यावे. ३६ शक्यतांपैकी ७ ही बेरीज सहा प्रकारे आणि २ किंवा १२ ही एकाच प्रकारे मिळते, हा तक्ता मग मुलांना हवाहवासा वाटतो.

तसेच २१ खड्यांचा खेळ. दोघांनी आळीपाळीने १, २ किंवा ३ खडे उचलायचे. शेवटचा खडा उचलणारा जिंकतो. समोरच्यासाठी नेहमी ४ च्या पटीत खडे उरवणे ही जिंकण्याची युक्ती, म्हणून पहिल्याने एक खडा उचलून २० उरवावेत. युक्ती सापडली की नियम उलटावा: शेवटचा खडा उचलणारा हरला. आता ४ च्या पटीपेक्षा एक जास्त उरवावा लागतो, आणि २१ ही संख्या आधीच तशी असल्यामुळे पहिल्या खेळाडूची बाजू लंगडी होते.

वेगाच्या स्पर्धांविषयी मी साशंक आहे. पाढ्यांची झटपट स्पर्धा ज्यांना पाढे येतात त्यांनाच आवडते.

संगणकीय साधने कोणत्या ठिकाणी खरोखर उपयोगी पडतात?

जे काम हाताने करणे अशक्य किंवा फार वेळखाऊ आहे, त्या ठिकाणी. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१-०२ च्या सुमारास झाल्झबुर्ग येथे सुरू केलेल्या जिओजेब्रा या भूमितीच्या संगणक-प्रणालीत त्रिकोणाचा शिरोबिंदू ओढला की मध्यगा, कोन आणि मापे सारे एकाच वेळी हलते; मध्यगा मात्र प्रत्येक वेळी एकाच बिंदूतून जातात. बदलणाऱ्या आकृतीत काय बदलत नाही, हे पाहण्याची संधी कागदावर मिळत नाही. कोणत्याही चौकोनाच्या बाजूंचे मध्यबिंदू जोडून बाहेरचा चौकोन वाकडातिकडा ओढला, तरी आतील समांतरभुज चौकोन टिकून राहतो. हा पहिला पाठ म्हणून मी सुचवेन.

स्प्रेडशीटही दुर्लक्षित आहे. २० सेंटिमीटर बाजूच्या चौरस कागदाचे चार कोपरे समान चौरसांत कापून उघडी पेटी केली, तर घनफळ जास्तीत जास्त केव्हा होईल? आधी प्रत्येक गटाने खरी पेटी करावी. कोपरा २ सेंटिमीटर घेतल्यास ५१२, ३ घेतल्यास ५८८ आणि ४ घेतल्यास ५७६ घनसेंटिमीटर येते. उत्तर ३ च्या आसपास आहे, पण ३ च आहे का? स्प्रेडशीटमध्ये ०.१ च्या पायऱ्या घेतल्या की ३.३ ला सुमारे ५९२.५ दिसते, आणि मुले स्वतःहून आणखी बारीक पायऱ्या मागतात.

सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये तयार केलेल्या लोगो या संगणकभाषेतील कासव, म्हणजे आज्ञेनुसार पडद्यावर सरकत आणि वळत रेघ काढणारी खूण, आजही अनेक प्रणालींत आढळते. बहुभुजाकृती काढताना कासव आतील कोनातून वळत नाही, बाह्यकोनातून वळते; समभुज त्रिकोणासाठी ६० अंश सांगणाऱ्या मुलाला पडद्यावर षटकोनाचा भाग दिसू लागतो आणि तो आपली चूक स्वतः शोधतो. याउलट, सरावाची गणिते केवळ पडद्यावर आणून बरोबर उत्तरावर तारे उधळणाऱ्या प्रणालींनी फारसे काही साधत नाही.

वर्गात विद्यार्थी खूप आणि साधने थोडी असतील तर काय करावे?

एकच संच असेल तर तो शिक्षकाच्या टेबलावर प्रदर्शनासाठी ठेवू नये. आळीपाळीने एका गटाला द्यावा आणि बाकीच्यांनी त्याच प्रश्नावर ठिपक्यांच्या किंवा चौकटीच्या कागदावर काम करावे. चौकटीचा कागद, दोरा, कात्री, काड्या, खडे आणि दोन फासे एवढ्यावर वर वर्णन केलेल्यांपैकी बहुतेक कृती होतात. प्रत्येकाकडे लहान पाटी असेल, तर सर्वांनी उत्तर लिहून एकदम वर धरावे. सगळ्या वर्गाचे विचार दहा सेकंदांत नजरेखाली येतात. मोठ्या वर्गात जोडीने काम करणे चौघांच्या गटापेक्षा बरे, कारण चौघांत एकाला लपायला जागा मिळते.

अशा कृतींना वेळ द्यावा, तर अभ्यासक्रम कसा पूर्ण होणार?

ही तक्रार रास्त आहे. प्रत्येक घटकासाठी कृती शोधू नये. वर्षभरात ज्या पाच-सहा संकल्पना पुढच्या सगळ्या गणिताचा पाया आहेत, जसे स्थानिक किंमत, अपूर्णांक, ऋण संख्या, गुणोत्तर, क्षेत्रफळ आणि चल, त्यांच्यावर सढळ हाताने वेळ खर्च करावा आणि अन्यत्र सरळ शिकवावे. तेच साधन अनेक घटकांत वापरले की ते समजावून सांगण्याचा वेळही वाचतो.

साधन केव्हा बाजूला ठेवावे?

मूल ठोकळ्यांना हात लावण्याआधी उत्तर सांगू लागले की ती खूण समजावी. त्या वेळी ‘ठोकळे असते तर काय केले असते, ते सांग’ असे म्हणावे. तोंडी वर्णन नीट आले तर ठोकळे डब्यात गेले तरी चालतात. मात्र ते कायमचे बंद करू नयेत, आणि वरच्या वर्गातील विद्यार्थ्याने ते मागितले तर त्यात कमीपणा मानला जाऊ नये, याची दक्षता घ्यावी. एखादा विद्यार्थी महिनोन्महिने ठोकळ्यांवरून केवळ उत्तर मोजून घेत असेल, तर ठोकळे त्याच्यासाठी गणकयंत्र झाले आहेत. त्याला चित्र काढायला लावणे हा मधला मार्ग आहे.

दृष्टिदोष असलेल्या विद्यार्थ्यांसाठी कोणता बदल करावा?

जिओबोर्ड आणि पट्ट्या स्पर्शाने समजतात, त्यामुळे त्या अंध विद्यार्थ्यांना मूळ रूपातच चालतात. पट्टी सरकू नये म्हणून काठ असलेले ताट द्यावे. लाल आणि हिरवा रंग वेगळे ओळखू न येणाऱ्या मुलांची संख्या कमी नसते. अशा वेळी ‘लाल पट्टी घ्या’ ऐवजी ‘दोनची पट्टी घ्या’ असे म्हणावे आणि धन-ऋण चकत्यांवर + व − ही चिन्हे उमटवावीत.

विद्यार्थी कृतीतून काय शिकले, हे कसे तपासावे?

तासाच्या शेवटी प्रत्येकाने चिठ्ठीवर एका प्रश्नाचे उत्तर लिहून द्यावे, आणि तो प्रश्न कृतीत न आलेला असावा. ठोकळ्यांवर वजाबाकी केली असेल तर ‘एका मुलाने ४०३ − १५८ चे उत्तर ३५५ काढले, त्याने कोठे चूक केली असेल?’ असे विचारावे. प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला की ३५५ येते, हे ज्याला लिहिता आले त्याला हातच्याचा अर्थ कळला आहे. ८ + ४ = □ + ५ हे विधानही अधूनमधून द्यावे. चौकटीत १२ किंवा १७ लिहिणारी मुले ‘बरोबर’ या चिन्हाला ‘उत्तर लिहा’ अशी आज्ञा समजतात. त्यांना तराजूचे चित्र दाखवून दोन्ही पारडी समान करायला लावावे.

ज्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकालाच ठाऊक नाही, तो वर्गात घ्यावा का?

जरूर घ्यावा. १९३७ पासून लोथार कोलाट्झ यांच्या नावाने ओळखला जाणारा प्रश्न त्यासाठी सोयीचा आहे, कारण त्याला फक्त सम-विषम ओळखणे, निम्मे करणे आणि तिप्पट करणे एवढेच लागते. कोणतीही संख्या घ्या. ती सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून त्यात १ मिळवा, आणि हेच पुन्हा पुन्हा करत राहा. ६ पासून ३, १०, ५, १६, ८, ४, २, १ असा प्रवास होतो. प्रत्येक संख्या शेवटी १ वर पोहोचते का, हे आजवर कोणीही सिद्ध केलेले नाही, आणि हे मुलांना सांगितले की वर्गातील शांततेचा पोतच बदलतो. १ ते २० मधील संख्या जोड्यांना वाटून द्याव्यात, मिळालेल्या साखळ्या फळ्यावर एकमेकींना जोडत एक झाड तयार करावे आणि कोणती साखळी सर्वांत लांब, याचा आधी अंदाज घ्यावा. २७ ही संख्या मात्र एकट्या विद्यार्थ्याला देऊ नये: ती १ वर येईपर्यंत १११ पायऱ्या लागतात आणि वाटेत ९२३२ पर्यंत चढावे लागते, म्हणून ती संपूर्ण वर्गाने मिळून, दहा-दहा पायऱ्या वाटून घेऊन करावी.